तेरा संघांचा खेळाडू आणि आपले क्रीडा पान

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील खेळाडूंच्या अदलाबदलीविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख माहितीपूर्ण होता, यात शंका नाही. परंतु त्यात इश स्मिथ या खेळाडूचा उल्लेख जाता जाता, आणि तोही कोठेच पाय न रोवू शकलेला खेळाडू अशा सुरात आला, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. शाळेतील मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे लेब्रॉन जेम्स किंवा स्टीफन करी यांसारख्या बड्या खेळाडूंपेक्षा ज्यांची नावे संघाच्या यादीत तळाशी असतात त्यांच्याकडे माझे लक्ष आधी जाते. हा शिक्षकी पेशाचा दोष मानावा हवा तर.

स्मिथ तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळला आणि हा एनबीएतील विक्रम आहे, एवढे आपल्या लेखात आले. त्याच्याआधी चकी ब्राउन, टोनी मॅसेनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ हे चौघे प्रत्येकी बारा संघांवर थांबले होते. २०२२-२३च्या हंगामात डेन्व्हरकडून खेळून इश स्मिथने त्यांना मागे टाकले. लेखात जे आले नाही ते असे की, हा खेळाडू २०१०-११पासून २०२३-२४पर्यंत चौदा हंगाम या लीगमध्ये होता. एनबीएतील सर्वसाधारण खेळाडूची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते असे मानले जाते. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटचा हा सहा फूट उंचीचा मुलगा वेक फॉरेस्ट विद्यापीठातून बाहेर पडला, तेव्हा २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, साठ खेळाडूंची निवड झाली आणि त्या साठांत त्याचे नाव नव्हते. ज्याला साठावा म्हणूनही कोणी घेतले नाही तो चौदा वर्षे टिकला, आणि आपण त्याला न टिकलेला म्हणतो, हे मला पटत नाही.

तेरा संघ म्हणजे तेरा वेळा नापसंती, असा हिशेब वाचकांच्या मनात सहज उभा राहतो. प्रत्यक्षात यांतील कितीतरी बदलांचा त्याच्या खेळाशी फारसा संबंध नव्हता. पगाराची कमाल मर्यादा ओलांडलेल्या संघाला खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ घालावा लागतो, आणि तो घालताना मोठ्या नावाच्या बरोबर एखादा छोटा करार जोडून दिला जातो. २०११च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनहून मेम्फिसला खऱ्या अर्थाने गेला तो शेन बॅटिए. स्मिथ त्याच्याबरोबर गेला. २०१३च्या फेब्रुवारीत ऑर्लँडोहून मिलवॉकीला जाणारा जे. जे. रेडिक होता, स्मिथ पुन्हा बरोबर. २०२२च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून डेन्व्हरला हवा होता तो केंटेव्हियस कॅल्डवेल-पोप, आणि या वेळीही यादीतील दुसरे नाव स्मिथचेच होते. मथळ्यात कायम दुसऱ्याचे नाव, सामान मात्र दोघांनाही बांधावे लागते. अशी बदली नाकारण्याचा अधिकार करारात लिहून घ्यायचा तर लीगमध्ये किमान आठ वर्षे आणि त्यातली चार त्याच संघात काढावी लागतात. म्हणजे ज्याला त्या अधिकाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या हाती तो कधीच लागत नाही.

या कारकीर्दीतील एक प्रसंग तपशीलवार सांगण्यासारखा आहे. २०१४-१५च्या हंगामाच्या उत्तरार्धात स्मिथ फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडून खेळला होता. हंगाम संपला आणि फिलाडेल्फियाने त्याला जाऊ दिले. पुढच्या मोसमाआधी तो वॉशिंग्टनच्या सराव शिबिरात गेला, तेथेही जागा मिळाली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्सने त्याला घेतले. इकडे फिलाडेल्फिया त्या काळात भविष्यातील ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळावा म्हणून वर्षानुवर्षे हरत राहण्याचे धोरण उघडपणे राबवत होती. तरुण, उंच, गुणी मुले संघात होती, पण चेंडू योग्य वेळी योग्य हातात पोहोचवणारा कोणी नव्हता. डिसेंबर संपत आला तेव्हा संघाची स्थिती एक विजय आणि तीस पराभव अशी झाली. अखेर २४ डिसेंबर २०१५ रोजी, जो खेळाडू उन्हाळ्यात फुकट सोडून दिला होता तोच परत मिळवण्यासाठी फिलाडेल्फियाने न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतील दोन निवडींचे हक्क दिले. दोनच दिवसांनी फिनिक्समध्ये स्मिथ त्यांच्याकडून उतरला आणि संघ १११-१०४ असा जिंकला. ज्या फिनिक्सने दीड वर्षापूर्वी त्याला करारमुक्त केले होते तेच हे फिनिक्स, ही गंमत वेगळीच.

त्या हंगामात फिलाडेल्फिया शेवटी दहा सामने जिंकली आणि बहात्तर हरली. आकडे वाचून कोणीही म्हणेल, की यात कौतुक कसले? पण ब्याऐंशी सामन्यांच्या हंगामातील सर्वांत वाईट कामगिरीचा विक्रम ९-७३ असा आहे आणि तोही याच संघाच्या नावावर, १९७२-७३चा. स्मिथ येण्याआधी एकतीस सामन्यांत एक विजय आणि तो आल्यानंतर एक्कावन्न सामन्यांत नऊ, एवढ्या फरकाने तो डाग दुसऱ्यांदा लागायचा राहिला. फिलाडेल्फियाकडून त्या काळात त्याची सरासरी सामन्यामागे चौदाहून अधिक गुण आणि सुमारे सात असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, अशी होती. चांगला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू, वाईट संघाला विजेता करू शकत नाही, हे खरेच. मात्र रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला धावता धावता चेंडू छातीच्या उंचीवर हवा की रिंगच्या वर फेकलेला हवा, डाव्या कोपऱ्यातला नेमबाज पास मिळण्याआधी अर्धे पाऊल मागे सरतो की पुढे येतो, या गोष्टी त्याने आठवडाभरात हेरल्या असल्या पाहिजेत. त्याशिवाय असे असिस्ट होत नाहीत. माझ्या मते हीच फिरत्या खेळाडूची खरी विद्या. नव्या गावी उतरायचे, दुसऱ्या दिवशी नव्या प्रशिक्षकाच्या चालींची नावे पाठ करायची, कारण त्याच चालीला मागच्या संघात वेगळे नाव होते, आणि तिसऱ्या दिवशी वीस हजार लोकांसमोर असे खेळायचे की जणू कायम येथेच होतो. मोठ्या खेळाडूला संघ स्वतःभोवती रचून मिळतो. याला प्रत्येक वेळी दुसऱ्याने रचलेल्या संघात स्वतःची जागा शोधावी लागते. नोकरीत तालुक्या-तालुक्याच्या बदल्या काढलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

आता या व्यवसायाच्या आर्थिक बाजूकडे. तो पैसेवाला आहे, त्याची काय दया करायची, असे काही वाचक म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. स्मिथच्या पहिल्या वर्षी नवोदिताचा किमान वार्षिक पगार पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास होता. पुढे २०१६मध्ये डेट्रॉइटने त्याच्याशी तीन वर्षांसाठी एक कोटी ऐंशी लाख डॉलरचा करार केला. पण मधली सहा वर्षे या आकड्यांकडे पाहून कळत नाहीत. एनबीएत जानेवारीच्या सुरुवातीपासून दहा दिवसांचे करार देता येतात. दहा दिवस किंवा तीन सामने, यांपैकी जे अधिक असेल तेवढी त्याची मुदत. एका संघाला एकाच खेळाडूला असे दोनच करार एका हंगामात देता येतात, त्यानंतर त्याला हंगामभरासाठी घ्या किंवा सोडा. ज्यांचे करार पूर्ण हमीचे नसतात त्यांच्या पगाराची उरलेल्या हंगामापुरती हमी १० जानेवारीला लागू होते, आणि म्हणून त्याच्या दोन-तीन दिवस आधी अनेकांच्या नावावर काट बसते. खेळाडूंच्या संघटनेने मिळवलेले निवृत्तिवेतन तीन हंगाम पुरे झाल्यावर पदरात पडते, त्यामुळे तिसऱ्या हंगामाच्या वाटेवर असलेल्या राखीव खेळाडूला बाकावरची ती खुर्ची किती मोलाची असते, याची कल्पना करता येईल. तीस संघ आणि प्रत्येकी पंधरा नियमित करार, म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे जागा. ओक्लाहोमा सिटीचे प्रमुख खेळाडू ड्युरँट आणि वेस्टब्रुक हे दोघेही जायबंदी झाले म्हणून २०१४च्या नोव्हेंबरमध्ये स्मिथला तेथे जागा मिळाली. कोणाचे तरी हाड मोडले की कोणाचे तरी घर चालते, असा हा धंदा आहे.

या दाराबाहेर उभे असणाऱ्यांत आंद्रे इनग्रॅमचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला हा गृहस्थ दहा वर्षे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि जोडीला मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत राहिला. १० एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लॉस एंजलिस लेकर्सने हंगाम संपता संपता त्याला मैदानावर उतरवले आणि त्याने ह्यूस्टनविरुद्ध एकोणीस गुण केले. स्मिथच्या तुलनेत ही अगदी छोटी कारकीर्द. मात्र दोघांमधले अंतर गुणवत्तेचे किती आणि योग्य वेळी रिकाम्या झालेल्या खुर्चीचे किती, हे मी तरी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

डेट्रॉइटमधील तीन वर्षे हा स्मिथच्या आयुष्यातील सर्वांत स्थिर काळ. तेथे तो रेजी जॅक्सनचा बदली खेळाडू होता, आणि जॅक्सन दुखापतीमुळे बाहेर असला की सुरुवातीच्या पाचांत खेळायचा. पुढे वॉशिंग्टन, मग आपले जन्मगाव शार्लट, पुन्हा वॉशिंग्टन असे करीत तो डेन्व्हरला पोहोचला. २०२३च्या फेब्रुवारीत तोच रेजी जॅक्सन डेन्व्हरला आला आणि दोघे पुन्हा एका संघात आले. जूनमध्ये निकोला योकिच आणि जमाल मरे यांच्या डेन्व्हर नगेट्सने मायामीला ४-१ असे हरवून १९७६ साली एनबीएत आल्यापासूनचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, स्मिथ बहुतेक वेळ बाकावर बसून होता, हे मान्यच करायला हवे. विजेतेपदाने त्याची कारकीर्द सार्थकी लागली, अशी मांडणी त्या वेळी काही ठिकाणी झाली, ती मला मुळीच रुचत नाही. ते विजेतेपद मिळाले नसते तरी फिलाडेल्फियाचे ते एक्कावन्न सामने झालेच होते.

आपल्याकडच्या वाचकाला याच्याशी काय देणेघेणे, हा प्रश्न रास्त आहे. २०१५च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली, आणि ते योग्यच होते. पण नंतर तो एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही, खालच्या लीगमध्ये आणि कॅनडात खेळला, उत्तेजकाच्या प्रकरणी बंदीला सामोरा गेला आणि अखेर व्यावसायिक कुस्तीकडे वळला. ड्राफ्टच्या रात्रीनंतरचा हा प्रवास आपण वाचकांना क्वचितच सांगितला. निवड झालेला सतनाम आणि निवड न झालेला स्मिथ यांची तुलना केली, तर ड्राफ्टच्या रात्रीला आपण फाजील महत्त्व देतो असे दिसते. आपल्या देशात चांगल्या खेळाडूचे ध्येय रेल्वे, ओएनजीसी किंवा एखादी बँक येथे नोकरी लागणे हे असते, आणि मी स्वतः कित्येक मुलांना तोच सल्ला दिलेला आहे. त्या नोकरीने म्हातारपणाची सोय होते. पण एका संघाने सोडले तर दुसऱ्याचे दार ठोठवावे, अशी पेठच येथे नाही. २०१५पासून दोन-तीन वर्षे चाललेल्या युबीए या भारतीय व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे संघ होते, त्यातून काही मुलांच्या हाती प्रथमच खेळाचे पैसे आले, आणि लीग बंद पडली तेव्हा ती सारी एकाच वेळी बेकार झाली. स्मिथचे बारा संघ सुटले तरी तेरावा मिळू शकला, कारण एक संघ सोडून एकोणतीस उरत होते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. एनबीएतील अदलाबदलीची मुदत दर फेब्रुवारीत संपते, आणि आपल्या पानावर त्या दिवशी दोन-तीन बड्या नावांची बातमी येते. त्याच सौद्यात बरोबर गेलेल्या तिसऱ्या-चौथ्या खेळाडूचे नाव, तो आधी कोठे होता आणि आता कोणाच्या जागी खेळणार, एवढ्या दोन ओळी त्या बातमीत जोडाव्यात. तसेच युबीएत खेळलेले मुंबई-पुण्याचे खेळाडू आज काय करीत आहेत, याचा शोध आपल्या क्रीडा प्रतिनिधीने घ्यावा. मुंबईत नागपाड्याच्या बास्केटबॉल मैदानावर चौकशी केली तरी सुरुवातीला पुरेशी नावे मिळतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे