म्हातारचळ हा शब्द आता बंद करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझी आई गणपती मंदिरातनं घरी येताना वाट चुकली, चाळीस वर्षं रोजची वाट, आणि हरभट रोडवर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या म्हातारचळ लागलाय, आणि खरं सांगते, आम्हीपण तेच धरून चाललो. आठ महिने त्यात गेले. मग मिरजेला दाखवलं तेव्हा कळलं की हा स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे डिमेन्शिया, मेंदूचा आजार.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. जपानमध्ये ह्या आजाराला आधी 'चिहो' म्हणायचे, त्यात मठ्ठपणाचा अर्थ यायचा म्हणून २००४ साली सरकारनं तो शब्द काढून 'निनचिशो' आणला. तिथल्या हिसायामा गावात क्युशू विद्यापीठाचे डॉक्टर १९६१ पासून लोकांची तपासणी करतायत, १९८५ पासून वयस्कर मंडळींच्या स्मृतिभ्रंशाचीपण. त्यात दिसलं की शुगर असणाऱ्यांना अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा, धोका जवळजवळ दुप्पट, आणि चाळिशी-पन्नाशीतलं बीपी पुढं मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर निघतं, त्यातनंपण स्मृतिभ्रंश होतो. तिथल्या बायका खूप जगतात, त्यामुळं ह्या आजाराच्या पेशंटमध्ये बायकाच जास्त.

आपल्याकडं काय वेगळंय? साठीच्या पुढच्या बायकांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आहे, पुरुषांत ६ च्या आत, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशननं २०२४ साली टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितलीत, त्यात कमी शिक्षण, बीपी, शुगर, एकटेपणा आणि कमी ऐकू येणं आहे. हे वाचून मी रडले कारण आईची शाळा चौथीत सुटली, शुगर पन्नाशीपासनं, वडील गेल्यावर ती एकटी, आणि कान तर सात-आठ वर्षं गेलेले, टीव्ही मोठा लावते म्हणून आम्ही तिच्यावरच ओरडायचो पण मशीन घेऊन दिलं नाही. बाईमाणूस स्वतःसाठी मला दवाखान्यात न्या असं म्हणतच नाही ओ, बाबांचा डोळा जरा दुखला तर लगेच रिक्षा बोलवायची हीच आई.

माझं म्हणणं एवढंच, गावोगावच्या बीपी-शुगर तपासणी शिबिरात आज्यांचे कान तपासा आणि दोन-चार प्रश्न विसरण्याबद्दल विचारा, बचत गटाच्या मीटिंगमध्येपण हा विषय घ्या. आणि तुमच्या पेपरात तरी म्हातारचळ छापू नका, स्मृतिभ्रंश छापा, म्हणजे वाचणारा निदान डॉक्टरकडं जाईल.

आपली,
एक लेक, विश्रामबाग, सांगली