‘तीन गेशा’ नव्हेत. तोयोहिना, ओकिता आणि ओहिसा

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सौंदर्यप्रसाधनांवरील लेखासोबत एक जपानी चित्र प्रसिद्ध झाले असून त्याखाली ‘प्राचीन जपानी चित्रातील तीन गेशा’ अशी ओळ आहे. लेख वाचनीय आहे आणि त्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. या पाच शब्दांच्या ओळीत मात्र दुरुस्त करण्यासारखे बरेच असल्याने हे पत्र लिहीत आहे.

हे चित्र कितागावा उतामारो या चित्रकाराचे असून ‘आजच्या काळातील तीन सुंदरी’ या अर्थाच्या नावाने ते ओळखले जाते. ते १७९३ च्या सुमाराचे आहे. त्या वेळी पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती, आणि त्या काळाला आपण ‘प्राचीन’ म्हणत नाही. गेशा म्हणजे गाणे-वादन-नृत्याने मनोरंजन करणारी व्यावसायिक कलावंत; तशी तिघींपैकी एकच, मधली तोमिमोतो तोयोहिना. ती एदो (आजचे टोकियो) शहरातल्या योशिवारा या गणिकांच्या वस्तीतली, तोमिमोतो पद्धतीच्या गायनासाठी नावाजलेली कलावंत होती. उजवीकडची ओकिता ही असाकुसा येथील सेन्सोजी मंदिराजवळच्या नानिवाया नावाच्या चहाच्या दुकानात गिऱ्हाइकांना चहा देत असे, तर डावीकडची ओहिसा ही र्‍योगोकु भागातल्या ताकाशिमा घराण्याची, तीही दुकानातलीच मुलगी. दोघी जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. ओकिताला पाहण्यासाठी त्या दुकानात झुंबड उडत असे. किमोनोवरील चिन्हे पाहिली की कोण कोणती ते कळते: तोयोहिनाच्या वस्त्रावर प्रिमरोझचे फूल, ओकिताच्या वस्त्रावर पावलोनिया या झाडाची पाने-फुले आणि ओहिसाच्या वस्त्रावर ओकची तीन पाने. प्रथमदर्शनी चेहरे सारखेच वाटतात, हे मान्य. पण चित्र जरा वेळ समोर ठेवून पाहिले तर नाकाचा बाक आणि डोळ्यांची ठेवण यांत उतामारोने राखलेला बारीक फरक दिसू लागतो. सुंदर स्त्रियांच्या चित्रांना जपानीत ‘बिजिन-गा’ म्हणतात. या प्रकारात पूर्वी सुझुकी हारुनोबु यानेही कासामोरी देवस्थानाजवळच्या चहाच्या दुकानातील ओसेनची चित्रे काढून तिला प्रसिद्ध केले होते. मात्र चेहरा आणि खांदे एवढेच मोठे करून, त्यातून बाईचा स्वभाव दाखवण्याचे काम उतामारोच्या हातून जसे झाले, तसे त्याच्या आधी झाले नव्हते, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हे हाताने रंगवलेले चित्र नसून लाकडी ठशांवरून केलेली छपाई आहे. माझे सारे आयुष्य छापखान्यात गेले. ट्रेडल या पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर दोन रंगांची लग्नपत्रिका छापताना एक रंग केसभर सरकला तरी गिऱ्हाईक पत्रिका परत करी, त्यामुळे या कामाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून त्यावरूनच कोरीव काम केले जाई, म्हणजे मूळ रेखाटन त्यातच नाहीसे होई. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. प्रत्येक फळीच्या कडेला कोरलेल्या दोन खाचांना कागद टेकवून, वेळूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने तो पाठीमागून हाताने घासला की रंग उतरत असे. यंत्राचा दाब मुळीच नाही. कपाळावर केस जिथे सुरू होतात ती जागा तुम्ही भिंगाखाली पाहावी. केस कोरलेला नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून तो उभा ठेवलेला असतो, आणि तो एकाही ठिकाणी तुटलेला नसतो. चेहरा आणि केस कोरण्याचे काम मुख्य कारागिराकडे असे, कपडे वगैरे हाताखालच्यांकडे. ओकिताचे तर एक असे चित्र आहे की कागदाच्या एका बाजूस तिची समोरची बाजू आणि उलट बाजूस तिची पाठ, दोन्ही एकमेकांवर बरोबर बसवलेली! रंगजुळणी म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला यातील अवघडपणा वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या अंकात चित्रामागचा भाग सपाट करडा आला आहे. मूळ छपाईत तिथे अभ्रकाची पूड असून कागद हलवला की ती चमकते. वर्तमानपत्राच्या कागदावर ती येणे शक्य नाही, त्याचा दोष मी देत नाही.

मात्र नावांविषयी माझा आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. याच चित्राच्या काही प्रतींवर तिघींची नावे छापलेली आहेत, तर काहींवर ती नाहीत. १७९३ मध्येच तिथल्या सरकारने योशिवारातील गणिका वगळता इतर स्त्रियांची नावे चित्रांवर छापण्यास मनाई केली होती. सामान्य घरातल्या मुलींना अशी प्रसिद्धी मिळावी, हे अधिकाऱ्यांना रुचत नव्हते. उतामारोने त्यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. एका चित्रात त्याने ओकिताचे नाव न लिहिता कोपऱ्यात एक चित्रकोडे घातले: पालेभाजीच्या दोन जुड्या, एक बाण, किनाऱ्यापासून दूरचा समुद्र आणि भातखाचर. जपानीत भाजी म्हणजे ‘ना’, दोन जुड्या म्हणजे ‘निवा’, बाण ‘या’, दूरचा समुद्र ‘ओकि’ आणि भातखाचर ‘ता’. सगळे सलग वाचले की ‘नानिवाया ओकिता’. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हे सहज उलगडत असणार, कारण १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी आली. १८०० मध्ये मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बंदी घातली गेली आणि १८०४ मध्ये हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल स्वतः उतामारोला ५० दिवस हातकड्या घालून ठेवण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी तो वारला.

ज्या नावांसाठी एका चित्रकाराने आणि त्याच्या प्रकाशकाने, त्सुताया जुझाबुरो याने, सरकारची मर्जी सांभाळत इतकी धडपड केली, ती नावे आपण कोणाचीही मनाई नसताना गाळावीत आणि त्या जागी ‘तीन गेशा’ लिहावे, हे मला खटकले. जपानी पोशाखातील कोणतीही बाई दिसली की तिला गेशा म्हणण्याची सवय आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे, की ओळ लिहिणाऱ्या उपसंपादकाला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

तरी पुढील अंकात, जागा असेल तिथे, ‘कितागावा उतामारो, लाकडी ठशांची छपाई, सुमारे १७९३, मध्ये तोयोहिना, उजवीकडे ओकिता, डावीकडे ओहिसा’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रक, पुणे