घरगुती बिअरची स्पर्धा आणि प्रवेशअर्ज

संपादक महोदय,

घरी बनवलेली बिअर स्पर्धेत उतरवणाऱ्यांचे सारे लक्ष चवीवर असते. अर्जातील प्रकाराचा रकाना मात्र घाईत भरला जातो. अनेक स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) हिच्या 50 गुणांच्या परीक्षणपत्रिकेत चवीला 20, गंधाला 12 आणि रंगरूपाला अवघे 3 गुण असले, तरी ते नोंदवलेल्या प्रकाराच्या निकषांवरच दिले जातात. त्यामुळे फिकट रंगाची लागर म्हणून उत्तम स्टाउट (काळपट, गडद बिअर) पाठवली, तर परीक्षकाचाही नाइलाज होतो. बाटली शक्यतो तपकिरीच असावी, कारण पारदर्शक काचेतून उजेड लागला की हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतील) घटकांमुळे बिअरला उग्र दर्प येतो. पदकापेक्षा (निदान माझ्या मते) परीक्षकांचे लेखी शेरे अधिक मोलाचे असल्याने आयोजकांनी ते निकालाबरोबरच स्पर्धकांच्या हाती द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक