प्रवाळ पांढरे पडू लागेल तेव्हा बोट तयार हवी: संशोधक विद्यार्थ्यांच्या तातडीच्या निधीसाठी आवाहन

समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा जेमतेम 1 अंश सेल्सियसने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर रंग परत येतो. नाही निवले तर प्रवाळ मरते आणि सांगाड्यावर शेवाळ चढते. एकदा शेवाळ चढले, की प्रवाळ उष्णतेने मेले, रोगाने की गाळाने, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही.

पाहणीला मिळतात ते एवढेच आठवडे, आणि अनुदानाचा अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात. 1998, 2010, 2014 ते 2017 अशा तीन जागतिक विरंजनांनंतर चौथे 2023 मध्ये सुरू झाले. पुढचे कुणाच्या अर्जासाठी थांबणार नाही. म्हणून हा निधी आधीच जमवून ठेवायचा आहे.

खर्च मुख्यतः पुन्हा पुन्हा पाण्यात उतरण्याचा आहे. खूण केलेल्या प्रवाळाच्या त्याच वसाहती किमान तीनदा पाहाव्या लागतात: पाणी तापण्याआधी, ऐन विरंजनात आणि काही महिन्यांनी. पहिल्या फेरीला पैसे मिळतात, तिसरी राहून जाते. आणि किती प्रवाळ जगले, हे तिसरीतच कळते. सोबतच्या डायव्हरचा खर्च अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापला जातो. पण एकट्याने उतरणे धोक्याचे, त्यामुळे तो नसेल तर अख्खा दिवस बुडतो.

तापमानाचे लॉगर, म्हणजे पाण्यात ठेवून तापमान आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणे, प्रत्येक जागी दोन हवेत. एकात पाणी शिरते किंवा तो लाटांत सुटून जातो, आणि मोक्याच्या आठवड्यांची नोंद कायमची हातची जाते. लावण्याआधी आणि काढल्यावर ते बर्फाच्या पाण्यात तपासावेत, नाहीतर अर्ध्या अंशाची चूक लक्षातही येत नाही. इथे अर्धा अंशही फार मोठा असतो.

वस्तुरूपाने मदत करायची असेल तर 50 मीटरच्या फायबरच्या टेप, क्रमांकाचे बिल्ले, प्रवाळाचा रंग ताडून पाहायची रंगपट्टी आणि हाउसिंगसह (पाणी न शिरणाऱ्या कवचासह) वापरलेला कॅमेरा चालेल. हाउसिंगची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) आम्ही बदलून घेऊ. सर्व्हिसिंगची नोंद नसलेले रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारे उपकरण) मात्र घेणार नाही; त्यावर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो.

देणगी देताना ‘तातडीचा निधी’ असा उल्लेख करावा. उरलेली रक्कम पुढच्या उन्हाळ्यासाठी याच खात्यात राहील.