माझ्या माहितीपटाच्या संकलक ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

श्रेयनामावलीत ‘संकलन’ या शब्दापुढे आपले नाव क्षणभर दिसते आणि सरकून जाते. आजीवरच्या माझ्या माहितीपटासाठी आपण जे केले ते त्या एका ओळीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

वडिलांनी चित्रित केलेल्या, सुपर आठ या घरगुती चित्रणाच्या छोट्या फिल्मच्या रिळांची डिजिटल प्रत मी आपल्याकडे आणली, तेव्हा तिच्यात घरातली सगळीच माणसे घाईघाईने वावरत होती. मूळ चित्रण सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने झालेले आहे आणि प्रत २४ चौकटींच्या वेगाने चालते आहे, त्यामुळे प्रत्येक हालचाल एक तृतीयांशाने वेगवान झाली आहे, हे आपण पाहताक्षणी ओळखले आणि मूळ वेग परत मिळेपर्यंत एकही तुकडा जोडायला घेतला नाही. वाचत बसलेली आजी मान वर करून कॅमेऱ्यासमोर तळहात धरते, ते दृश्य त्यानंतर मी नव्याने पाहिले. आधीच्या प्रतीत तो हात फटकारल्यासारखा दिसत असे. मूळ वेगात तो सावकाश वर येतो, बोटे किंचित विलग होतात आणि त्यांच्या फटीतून तिचा एक डोळा दिसतो.

तरीही आजी त्या दिवशी रागावली होती, हे आईचे म्हणणे बदलले नाही, आणि ती लाजली होती, हे आत्याचेही. निवेदनातून निवाडा देणे सोपे होते. आपण मात्र तेच दृश्य दोनदा ठेवले, एकदा आईच्या आवाजासह आणि एकदा आत्याच्या, आणि मध्ये एक शब्दही येऊ दिला नाही. आठवण जशीच्या तशी साठवलेली नसते, ती दर वेळी नव्याने रचली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडले होते. ते मी वाचले होते, पण पडद्यावर ते कसे उमटते हे आपल्या त्या जोडणीने दाखवले. घरगुती आठवणींवरच्या चित्रपटांत निवेदकच पुष्कळदा सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि कमी बोलणारी माणसे त्यात हरवतात, असे मला मनापासून वाटते. आमची आत्या हरवली नाही, हे आपले ऋण आहे.

रिळे मूक होती. त्यांत पाखरांचे, भांड्यांचे आवाज मागाहून भरावेत अशी सूचना आली, तेव्हा जे कोणालाच आठवत नाही ते ऐकवायचे नाही, या मतावर आपण ठाम राहिलात.

माहितीपट पाहताना आई आणि आत्या शेजारी बसल्या होत्या आणि दोघींनी एकमेकींचे म्हणणे प्रथमच मध्ये न बोलता ऐकले. उरलेल्या रिळांच्या डब्यांवर काय लिहायचे यावरून आता त्यांचे बोलणे चालू असते आणि ते मी ध्वनिमुद्रित करतो आहे. ते घेऊन लवकरच आपल्याकडे येईन.

आपला कृतज्ञ,
एक माहितीपटकार