रविवारची रानफुलं फेरी: नावं घेऊन या

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी 6.30 ला सिद्धेश्वर वनविहाराच्या फाटकाशी जमायचं. साडेआठला परत; पुढे सोलापूरचं ऊन सोसत नाही.

या खेपेला फुलांइतकंच नावांकडे लक्ष. एकदांडीचं फूल लांब, एकट्या दांड्यावर डुलतं, म्हणून ते नाव. घाणेरीचं पान चुरगळून हुंगा, विचारावं लागणार नाही. पिवळा धोतरा मूळचा मेक्सिकोकडचा, म्हणून 'फिरंगी'. त्याच्या काटेरी बोंडातलं काळं बी विषारी असतं, पोरांना सांभाळा.

- वडीलधाऱ्यांना विचारून एक तरी नाव लिहून आणा. कन्नड, तेलुगू चालेल, उलट हवंच.
- पाणी, टोपी, बूट.
- फूल तोडायचं नाही. मागे कुणीतरी पळसाची फांदीच मोडली होती.
- येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.