त्या रात्री तुम्ही बसून राहिलात

प्रिय मावशी,

कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्समध्ये मी तुम्हाला नावानेच हाक मारतो, तिथे सगळेच मारतात. मराठीत ते तोंडी येत नाही, म्हणून मावशी. बाबा गेले त्याला सव्वा महिना झाला. मिरजेचं घर आवरताना त्यांच्या कपाटात ॲलन फील्डहाउसचं, आपल्या बास्केटबॉलच्या सभागृहाचं, तिकीट सापडलं, १३ फेब्रुवारी २०१७ चं. ते हातात घेतलं आणि किती तरी वेळ तसाच उभा राहिलो. हे पत्र मुलीकडून इंग्रजीत करून घेऊन तुम्हाला देईन, पण आधी मला माझ्या भाषेत लिहू द्या.

मी त्या दारातून पहिल्यांदा आत आलो तो २००३ च्या हिवाळ्यात, कॅन्सस विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून. प्रशिक्षक बिल सेल्फ यांचंही ते पहिलंच वर्ष. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला १६,३०० माणसं! पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्रं धरून हलवायचे आणि आपला संघ आला की तेच कागद फाडून उधळायचे. सामना खिशात आला की सगळं सभागृह संथ, लांबवलेल्या सुरात 'रॉक चॉक, जेहॉक' ही विद्यापीठाची घोषणा म्हणू लागायचं. घरच्या गणपतीपुढच्या मंत्रपुष्पांजलीची आठवण होऊन माझे डोळे भरून आले होते.

पुढे नोकरी लागली, कॅन्सस सिटीहून गाडी काढून येत राहिलो आणि तुमच्या शेजारची जागा मिळाली. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून कॅन्ससच्या संघातल्या विल्ट चेंबरलेनला खेळताना पाहिलेल्या तुम्ही! "चेंडू बघू नकोस, ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांचे पाय बघ," हे तुम्ही मला शिकवलंत. २०१२ मध्ये मिझुरीविरुद्ध १९ गुणांनी मागे पडून आपण ८७-८६ जिंकलो, तेव्हा तुम्ही धरलेला माझा हात दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

आणि मग बाबा आले. पी.टी.चे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मातीच्या मैदानावर, जाळी नसलेल्या रिंगांखाली मुलांना बास्केटबॉल शिकवला. हा खेळ शोधून काढणाऱ्या नेस्मिथचं नाव त्यांना पुस्तकातून पाठ होतं. दुपारी शेजारच्या डीब्रूस सेंटरमध्ये १८९१ च्या मूळ १३ नियमांची ती दोन टंकलिखित पानं ते काचेला नाक लावून वाचत राहिले.

गुडघे मात्र पार गेलेले. त्याच दौऱ्यात दुसऱ्या एका शहरात त्यांना सामन्याला नेलं होतं. पुढचे सगळे उभे राहिले, बाबांना काही दिसेना. जागा बदलून मागितली, तर तिथला कर्मचारी म्हणाला, "एवढा त्रास होतो तर घरी टीव्हीवर बघायचं." भोवतालच्या एकानेही मान वळवली नाही. बाबा मध्यंतरातच म्हणाले, "चल, निघू." तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

म्हणूनच त्या सोमवारी मी धास्तावलेलो होतो. वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना. बंदिस्त सभागृहातल्या प्रेक्षकांच्या सर्वांत मोठ्या आवाजाची गिनेस नोंद झाली ती त्याच रात्री, १३०.४ डेसिबल. तीन मिनिटांहून कमी वेळ उरला होता आणि आपण १४ गुणांनी मागे. काहींनी कोट चढवले. मग आपले खेळाडू मेसन आणि ग्रॅहम पेटले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. मीसुद्धा उठलो, हे कबूल करतो. भानावर येऊन खाली पाहिलं, तर बाबा बसलेले आणि त्यांच्या शेजारी तुम्ही.

तुम्हाला पुढच्यांच्या पाठींखेरीज काहीच दिसत नव्हतं. आयुष्यभर या इमारतीत येणाऱ्या बाईने इतकी मोठी मुसंडी पाहिलीच नाही. मी तुम्हाला उठायला खुणावलं. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि बोटांनी बाबांना गुणांतला फरक दाखवत राहिलात: नऊ, सहा, तीन. बरोबरी झाली तेव्हा तुमची मूठ मिटली आणि बाबांनी दोन्ही हातांनी ती धरली. जादा वेळेतही तुम्ही उठला नाहीत.

माणुसकीवर बाबा शाळेत भाषणं द्यायचे. तशी भाषणं मीही पुष्कळ ऐकली आहेत. पण ज्याची भाषा आपल्याला येत नाही, जो पुन्हा भेटायचाही नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून आपली आवडती गोष्ट सोडून खाली बसणारी माणसं जगात आहेत आणि त्यांतलं एक माझ्या शेजारी बसतं, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हा तुम्हाला मी नुसतं 'थँक यू' म्हणालो होतो.

मिरजेत बाबांनी तो सामना शंभर वेळा सांगितला. गुण नेहमी चुकवायचे. मी फोनवर दुरुस्त करायचो, "८४-८० ने जिंकलो आपण, बाबा." ते म्हणायचे, "असेल. पण त्या बाई माझ्याबरोबर बसल्या होत्या, ते सांगितलं का मी यांना?"

तिकीट माझ्या पाकिटात आहे. नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की घेऊन येतो. ते तुमच्याकडे असू दे.

तुमचा,
शेजारच्या जागेवरचा